भुरीचं स्थळ

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते आपोआप साचत जातात. अकोल्याकडच्या मालेगावात गुरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हा रोज संध्याकाळी वहीत चार ओळी लिहायची सवय मी स्वतःला लावून घेतली. वही आणली होती बैलांच्या आणि म्हशींच्या नोंदींसाठी. परवा चाळून पाहिली, तर पानोपानी कुत्री!

*

सुरुवात हेल्गाबाईंनी केली. दुष्काळाच्या साली आमच्या भागात बोअर पाडायला जर्मनीहून काही मंडळी आली होती. त्यांच्यासोबतच्या या नर्सबाई. आमच्या व्हरांड्यातलं एक खरजेनं भरलेलं पिल्लू त्यांनी बरं केलं आणि जाताना सोबतच नेलं. काही महिन्यांनी पत्र आलं. शेजाऱ्यांना पिल्लू फार आवडलंय, तुमच्याकडे अजून आहेत का?

डॉक्टरसाहेबांनी पत्र वाचून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर नऊ कुत्री लोळत पडली होती.

"अहो, अजून आहेत का म्हणे!"

हसलो खरे. पण दर उन्हाळ्याआधी बेवारस कुत्र्यांना विष घातलं जायचं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून परदेशात घरं शोधायचं काम दवाखान्याच्या मागे लागलं. धडधाकट पिल्लं भराभर गेली. राहिली भुरी.

*

भुरी तीन पायांची. चौथा बसखाली गेला होता. स्टँडवर फुटाणे विकणाऱ्या गयाबाईंच्या टोपलीशेजारी ती पडून असायची. गयाबाईंचा मुलगा अकोल्याला नोकरीला लागला होता आणि आईला बोलावत होता, पण त्याच्या क्वार्टरमध्ये कुत्रं चालणार नव्हतं.

"जयभीम, कंपाउंडरदादा," बाई म्हणाल्या. "हिचं कुठी जमते का पाहा. हिले इथं विषावर सोडून मी काई जात नाई."

हेल्गाबाईंनी एक घर सुचवलं. नवरा-बायको, दोन मुली आणि आजोबा. त्यांनी भुरीचा फोटो मागितला.

गावात फोटोग्राफर एकच, आणि त्याचा हात बसलेला लग्नाच्या मुलींच्या फोटोंवर! त्यानं भुरीला स्टुलावर बसवलं, मागे राजवाड्याचा आणि कारंज्याचा पडदा सोडला, नसलेल्या पायापुढे फुलदाणी ठेवली आणि कॅमेऱ्यामागून म्हणाला, "मान जराशी तिरपी! हां, लाजू नोको!"

पायाचं डॉक्टरांनी पत्रात स्पष्ट लिहिलं. उत्तर आलं, "पायाची काही अडचण नाही. पण एवढा महाल सोडून ती आमच्या तीन खोल्यांत राहील का?"

*

मग विमान कंपनीचा फॉर्म आला. त्यात रकाना, मालकाचं नाव. मालकाच्या सहीशिवाय कुत्रं जाणार नाही, आणि भुरी तर बेवारस!

मी स्टँडवर जाऊन विचारलं, "भुरी कोणाची?"

"माही," हॉटेलवाला म्हणाला. "रोजचा पाव मीच देतो."

"तुही काहून? तिले बसखालून मी काढलं!" हमाल उठला.

"बस माही होती. मंग माहीच ना!" ड्रायव्हर.

भांडण वाढलं. शेवटी सतरा सह्या आणि अंगठ्यांचा वेगळा कागद फॉर्मला जोडला. मुंबईच्या ऑफिसातून लेखी विचारणा झाली, "यांपैकी खरा मालक कोण?"

डॉक्टरांनी एका शब्दात उत्तर पाठवलं, "सगळे."

फॉर्म मंजूर झाला!

*

पेटी केली शेख चाचा सुतारांनी. विमानाचा नियम असा की, जनावराला पेटीत नीट वळता आलं पाहिजे. भुरी काही आत जाईना. चाचा म्हणाले, "थांबा, मीच पाहातो." आणि रांगत शिरले. मागे दार पडलं, बाहेरची कडी खटकन लागली.

आम्ही घाबरून पेटीला कान लावला.

आतून आवाज आला, "वळता येते, साहेब! लिहून टाका! आता मले काढा!"

*

भुरी डॉक्टरांसोबत अकोल्याहून रेल्वेनं मुंबईला आणि तिथून एकटीच विमानानं गेली. आठवड्यानं हेल्गाबाईंची तार आली. भुरी काहीच खात नाही, असंच चाललं तर परत पाठवावी लागेल.

परत, म्हणजे विषाच्या तोंडी. डॉक्टरांनी औषधांची यादी करायला घेतली. मी तार घेऊन स्टँडवर गेलो.

गयाबाईंनी फुटाण्यांची टोपली झाकली. "तिले कवा वाढतात?"

तिला कसं जेवू घालणार ते हेल्गाबाईंच्या आधीच्या पत्रात होतं. मी सांगितलं, "सगळ्यांत आधी. चकचकीत भांड्यात, चांगलं मटण. तिचं झालं की मग घरचे जेवणार."

"घरचे उपाशी, अन् हिनं खायाचं?" बाई माझ्यावरच उखडल्या. "अशी कशी खाईन ते? मी जेवल्याबिगर तिनं कदी तोंड लावलं काय? माह्या ताटातला शेवटचा घास तिचा! अन् जेवाले बसतात कुठी?"

"खुर्चीवर. टेबलाशी."

"मंग तिले कसं दिसन, माणसं जेवली का नाई ते?"

मी दवाखान्यात येऊन हे सांगितल्यावर डॉक्टरांनी औषधांची यादी फाडली आणि इंग्रजीत तार लिहिली, "आधी तुम्ही जेवा. जमिनीवर बसून. तिच्यासमोर. शेवटचा घास तिला."

पोस्टमास्तरांनी ती दोनदा वाचली. "कोणत्या आजाराची दवा हाये हे?"

पंधरा दिवस काहीच आलं नाही. गयाबाई रोज दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायच्या.

मग लिफाफा आला. आत फोटो. फरशीवर गोल करून अख्खं घर बसलेलं. नवरा, बायको, दोन मुली. आजोबा कोट-टाय घालून, मांडी जमत नाही म्हणून पाय लांब सोडून. आणि आजोबांच्या ताटात तोंड घालून भुरी!

डॉक्टर टेबलावर हात आपटून ओरडले, "खाल्लं! अहो, खाल्लं!"

गयाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग पदराला हात पुसून मला म्हणाल्या, "माह्या पोराले चिठ्ठी लिहा दादा. न्याले ये म्हना."

दारापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या.

"अन् हे पाहा, त्याइले अजून एक तार करा. त्या बुढ्याले पाट द्या म्हना बसाले. फरशी गार असन."