चाचा आणि काशाची थाळी

“वरडतोस कशाला रं? भैरा हाय का मी?” कुणी जरा आवाज चढवला की चाचा असे अंगावर यायचे. आणि हे विचारायचे ते अशा आवाजात, की शेजारच्या कारखान्यातली माणसंही माना वर करून बघायची. आता मोठ्यानं बोलणं हा काही आमच्या कोल्हापुरात कुणी आजार समजत नाही, हे तुम्ही जाणताच. त्यामुळे चाचांचं वर्षानुवर्षं निभावलं.

चाचा आमच्या फाउंड्रीत भट्टीवरचे मिस्त्री. मी शेजारीच साचे भरायचो. त्यांना ऐकू येत नाही हे एकट्या मला ठाऊक होतं. ते समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचे आणि भट्टीचा पंखा चालू आहे का, हे पाइपला हात लावून बघायचे. “मालकाला कळलं तर गेटवर बसवंल. भट्टीचं काम सुटलं की मी मेलो बघ,” असं एकदा म्हणाले होते. तेव्हापासून माझाही जीव टांगणीला.

मालक वर्षातून एकदा आम्हाला नृसिंहवाडीला शिबिराला न्यायचे. एरवी भाषण, जेवण आणि नदीत डुंबणं. त्या वर्षी कारखान्यात भांडणं फार झाली, म्हणून आमची डोकी थंड करायला त्यांनी गाण्याच्या एक बाई आणल्या. बाईंनी पिशवीतून काशाची थाळी काढली. “डोळे मिटून ऐकायचं. आवाज पूर्ण विरला की हात वर करायचा.”

गुडघ्यानं ढोसता येईल म्हणून मी चाचांना चिकटून बसलो, तर बाईंनी सगळ्यांना लांब लांब बसवलं. त्यात मालक नेमके चाचांच्या समोर, डोळे उघडे ठेवून. चोरून बघायचीही सोय राहिली नाही.

थाळी वाजली. आवाज लांबत गेला, बारीक झाला, संपला. मी डोळे किलकिले केले. एकेक हात वर गेला होता, चाचांचा मात्र मांडीवरच. कपाळावर घाम. बाई हरखल्या. “बघा, तुमचा आवाज संपला, यांना अजून येतोय! याला म्हणतात तल्लीन होणं.”

“शाब्बास, चाचा!” मालकही खूश झाले. चाचा हलले नाहीत. “उघडा आता डोळे.” मग मोठ्यानं, “अहो चाचा!” पोरं हसायला लागली. मालकांचं हसू उतरत गेलं. त्यांनी उठून चाचांच्या खांद्याला हात लावला. चाचांनी दचकून डोळे उघडले, सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहिलं आणि घाईघाईनं हात वर केला.

नंतर ओसरीत मालक हळू म्हणाले, “भट्टीवर आता नको, चाचा. कुणी सावध केलं आणि तुम्हाला कळलं नाही तर? गेटवर बसा.” त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, पण तेव्हा मला त्यांचा संताप आला. चाचा त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. “व्हय,” म्हणाले आणि पिशवी उचलून एस.टी. स्टँडकडे चालू लागले.

मी मागं पळालो आणि स्टँडवर त्यांच्यासमोर उभा राहिलो. मालक तर केव्हाच पंगतीत जाऊन बसले होते, पण मला दुसरं काही सुचेना. “चाचा, माघारी चला. मालक हाका मारत्यात.”

“ऐकलं की मी कवाच,” चाचा म्हणाले. “मारू देत.” आणि ते गाडीत चढले.