उंबरठ्याअलीकडचा मदतनीस

माझ्या धाकट्या भावाला घरातल्या कुठल्याही अडचणीवर एकच उपाय सुचतो, तो म्हणजे काहीतरी मागवणे. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्याने पाय चोळायचं मशीन पाठवलं. तिला झोप लागेना तेव्हा झोप मोजायचं घड्याळ पाठवलं. काल रात्री झोप झाली नाही, हे ते घड्याळ तिला रोज सकाळी सांगायचं, आणि ते तिला आधीच माहीत असायचं. मग आई बाथरूममध्ये पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आता काय येणार याची मला धास्तीच होती.

या वेळी त्याने माणूस पाठवला. म्हणजे माणसासारखा दिसणारा.

अडचण साधी होती. आई जुन्या पनवेलमध्ये, तलावामागच्या गल्लीतल्या आमच्या तळमजल्याच्या घरात एकटी राहते. मी नवीन पनवेलला राहते आणि एका शाळेच्या ऑफिसात काम करते, म्हणजे सकाळ-संध्याकाळ तिच्याकडे जाऊ शकते. कामवाली बाई सकाळची कामं उरकून निघून जाते. उरते ती दुपार. वॉकर धरून घरातल्या घरात रोज चाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई म्हणाली, "परत पडले तर?" आणि ती उठेना. पलंगावरून शेजारच्या खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढाच तिचा प्रवास. व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीला तिने अशा आवाजात परत पाठवलं, की आई निवृत्त शिक्षिका आहे हे त्या मुलीला कुणी वेगळं सांगावं लागलं नाही.

भाऊ खारघरला टॉवरच्या बऱ्याच वरच्या मजल्यावर राहतो. आईने कायमचं त्याच्याकडे यावं आणि हे घर भाड्याने द्यावं, असं त्याचं म्हणणं. आईला ते मुळीच नको होतं. "तुझ्या खिडकीतून विमानं दिसतात, माणसं दिसत नाहीत," असं ती त्याला तोंडावर म्हणाली. शेवटी तह झाला. भावाच्या ओळखीच्या एका नव्या कंपनीला आपला यंत्रमानव खऱ्या घरात वापरून बघायचा होता. तो महिनाभर आईकडे राहील. त्याने दुपार सांभाळली तर आई तिच्या घरात राहील. नाही सांभाळली, तर महिनाअखेर सामान बांधायचं आणि खारघर.

मी यादी केली. मी सगळ्याचीच करते. चहा देणे, पाणी देणे, गोळ्यांचा डबा हातात देणे, दार उघडणे, पडलेला चष्मा उचलणे, दोरीवरचे कपडे काढणे. भावाने ती फोनवर वाचली आणि हसला.

"ताई, हे त्याच्यासाठी अगदीच किरकोळ आहे. तो नाचतो. उलटी उडी मारतो."

"आईला उलटी उडी नकोय. चहा हवाय."

टेम्पोतून खोकं उतरलं तेव्हा अर्धी गल्ली दारात होती. यंत्रमानव साधारण सातवीतल्या मुलाच्या उंचीचा, पांढरा, डोक्याच्या जागी काळी काच. त्याच्याबरोबर दाढीवाला, गंभीर इंजिनीयर. त्याने माझ्या हातात एक कागद दिला. मला वाटलं, यंत्र काय काय करतं त्याची यादी असेल. निघाली उलटी. यंत्रासाठी आम्ही काय काय करायचं, ते त्यात होतं. फरशी ओली नको. पायपुसणी, सतरंज्या नकोत. प्लॅस्टिकची स्टुलं वाटेत नकोत. टेबलक्लॉथला झालर नको. पंखा फार जोरात नको. आरशावर कापड टाकावं. उन्हाची तिरीप जमिनीवर पडत असेल तर पडदा लावावा. मी आयुष्यात पुष्कळ पाहुणे बघितले, पण आमच्या आत्येसासूबाईंनंतर इतक्या अटी घेऊन कुणी आलेलं नव्हतं.

कामवाली बाई कोन गावाहून येते. तिने कमरेवर हात ठेवून त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"ताई, याची फरशी कोन पुसनार?"

"तू. पण तो चालायच्या आत वाळली पाहिजे."

"म्हंजे आमी याच्यासाटी लवकर यायचं?"

"थोडं लवकर."

"आनि यो काय करनार?"

"आजीला मदत."

"बरा हाय," ती म्हणाली. "आमाला नाय असा मालक मिलत, आदी घर आवरून मंग कामाला बोलवनारा."

शेजारपाजारचे रोज डोकावून जायचे. कर्नाळ्याला पक्षी बघायला गेलेल्यांना जसं बहुधा झाडंच बघून परत यावं लागतं, तसे हे लोक आमच्या कोपऱ्यात चार्जिंगला लावलेली एक पांढरी वस्तू बघून परत जायचे. थोडं काम, बरंच चार्जिंग, असा त्याचा दिवस. आईने पहिल्याच दिवशी शेरा मारला, "पहिल्या बाकावर बसवायला ठीक आहे. कुणाच्या खोड्या काढणार नाही."

खरी भानगड स्वयंपाकघराशी झाली. आमच्या मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना कडाप्पा दगडाचा उंबरठा आहे. उंच नाही. रांगणारी मुलंसुद्धा त्याच्यावरून पलीकडे जाऊन डाळीचे डबे सांडून आलेली आहेत. माणसाचे पाय दिलेल्या, उलटी उडी मारणाऱ्या या यंत्राला मात्र तो ओलांडता येईना. ते उंबरठ्यापर्यंत जायचं, थांबायचं आणि रेल्वे फलाटावर घोषणा करणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणायचं, "पुढे अडथळा आहे. कृपया सहकार्य करावे."

इंजिनीयर म्हणाला की कंपनीच्या नमुना घरात असं काही नव्हतं. ते खरंच असणार. ज्यांनी ते नमुना घर बांधलं ते स्वतः ज्या घरांतून रोज ऑफिसला येतात, तिथे उंबरठा आहे की नाही हे मात्र त्यांच्यापैकी कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. त्याने उतार करायला एक फळी टाकून बघितली. फळीवर आईचा वॉकर घसरला असता, म्हणून मी ती त्याच्यादेखत उचलून मागच्या दारी ठेवली.

दोन-तीन दिवसांनी, दुपारी मी शाळेत असताना, आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर भावाने एक व्हिडिओ टाकला. यंत्राच्या डोळ्यांतून घेतलेला. यंत्रासमोर चहाचा कप येतो, त्याची पांढरी बोटं कप धरतात, मधली खोली हळूहळू सरकते, आणि खुर्चीत बसलेली आई कप घेते. खाली भावाने लिहिलं होतं, "आईचा पहिला चहा." त्यावर नाशिकपासून शिकागोपर्यंतच्या नातेवाइकांनी हात जोडले, फुलं वाहिली. एका मामांनी तर "आपल्या पिढीचं सोनं झालं" असंही लिहिलं.

मी व्हिडिओ पुन्हा बघितला. सुरुवातीला स्वयंपाकघराच्या बाजूने कप पुढे करणारा एक हात दिसतो. त्या हातात आईचं घड्याळ होतं.

संध्याकाळी गेल्यावर विचारलं, "चहा केला कुणी?"

"मी."

"तू आत गेलीस कशी?"

"चालत," आई म्हणाली. मग जरा रागाने, "काय करणार? मी त्याला चहा आण म्हटलं. तो तिथे दारात जाऊन उभा आणि तेच तेच म्हणतोय. पाढे चुकलेल्या मुलासारखा. किती वेळ ऐकायचं? गप्प करायला उठले. उठलेच होते, तर आधण ठेवलं."

"आणि कप त्याच्याकडे का दिलास?"

"अगं, वॉकरला दोन्ही हात लागतात. कप कशाने धरू?"

म्हणजे पद्धत अशी बसली होती. आई खुर्चीतून उठायची. वॉकर उंबरठ्यापलीकडे ठेवायची, मग एक पाय, मग दुसरा. दाराला लागूनच असलेल्या ओट्यावर चहा करायची. उंबरठ्याअलीकडे वाट बघत उभ्या असलेल्या यंत्राच्या हातात कप द्यायची. यंत्र निघायचं. आई पुन्हा उंबरठा ओलांडून, त्याच्या मागोमाग येऊन खुर्चीत बसायची आणि त्याच्याकडून चहा घ्यायची. हा जो मदतीचा प्रकार होता, तो भाऊ खारघरहून मोठ्या कौतुकाने बघत होता. चहा शेजारचं कुणीतरी येऊन करून देत असेल, असं त्याने धरलं होतं. त्याला आई खुर्चीत बसलेलीच दिसायची, कारण यंत्राची काच तिच्याकडे वळेपर्यंत ती बसलेली असायची. पहिल्या आठवड्यात यंत्र खुर्चीपाशी आधी पोचायचं आणि ती बसेपर्यंत भिंतीकडे काच करून थांबायचं. नंतर नंतर आई आधी पोचायला लागली. एकदा मी दुपारी सुट्टी काढून गेले, तर ती खुर्चीत बसून त्याची वाट बघत होती आणि तो अजून दिवाणाला वळसा घालत होता. "येईल," आई म्हणाली. "चहा निवतो जरा, पण येईल."

मी भावाला हे लगेच का सांगितलं नाही? कारण त्याने यंत्र परत पाठवलं असतं आणि आई पुन्हा पलंगावर पडली असती. जे चाललंय त्यात हात घालू नये, हे मला ऑफिसात शिकायला मिळालेलं आहे.

हात घातला तो भावाने. इंजिनीयरने अहवालात उंबरठ्याचा मुद्दा लिहिला आणि भावाने गवंडी ठरवला. उंबरठा काढायचा, फरशी सलग करायची. शनिवारी. आईने ते ऐकलं आणि शांतपणे फोन मागितला.

"गवंडी येणार आहे म्हणे."

"हो आई, अर्ध्या दिवसाचं काम. मग तो आत जाऊ शकेल, चहासाठी कुणाला बोलवावं लागणार नाही."

"ज्याला हळदकुंकू वाहते तो उंबरठा मी त्याच्यासाठी काढायचा?"

"अगं, आमच्याकडे कुठे आहे आतल्या दाराला?"

"म्हणूनच म्हणते. इथलाही काढलास तर तुझं घर काय आणि हे काय. गवंड्याला सांग, जाताना माझी बॅगही घेऊन जा. मी येते तुझ्याकडे."

आई येते म्हणाली होती, म्हणजे भावाला हवं तेच झालं होतं, पण ज्या सुरात झालं होतं तो सूर त्याला शाळेपासून ठाऊक होता. मी फोन घेतला आणि त्याला व्यवहाराचं तेवढं सांगितलं. आमच्या मोरीचं पाणी पावसाळ्यात तुंबतं. उंबरठा आहे म्हणून ते स्वयंपाकघरात थांबतं. नसेल तर मधल्या खोलीत येईल, आणि ओल्या फरशीवर तुझा माणूस चालत नाही. गवंडी रद्द झाला.

त्याच आठवड्यात मी जुन्या परकराची एक पिशवी शिवली आणि आईच्या वॉकरला पुढून बांधली. तिच्यात फिरकीच्या झाकणाची स्टीलची बाटली बसते. चहा केला, बाटलीत ओतला, झाकण लावलं, आपल्या खुर्चीत येऊन प्यायला. पिशवीला चार्जिंग लागत नाही. बाटलीशेजारी चष्मा राहतो, गोळ्यांचा डबा राहतो, फोनही राहतो. यंत्राकडे होतं तेवढं सगळं काम त्या पिशवीने एका दुपारी काढून घेतलं.

आता यंत्र नुसतं उभं. ते आईला बघवेना. "काहीतरी दे गं त्याला करायला," असं ती रोज म्हणायची. मग एक काम सापडलं. त्याचे हात थकत नाहीत, हलत नाहीत. त्याच्या हातात वर्तमानपत्र उघडून दिलं की खिडकीच्या उजेडात ते छान धरून राहायचं आणि आई समोर बसून वाचायची. पान उलटायची वेळ आली की ती स्वतः उठून उलटायची. कामवाल्या बाईने हे बघितलं. "आमच्या गावच्या देवलात पोथीला हाय असा," ती म्हणाली. "लाकडाचा. पन त्याला आरशाची भीती नाय."

महिना संपला त्या रविवारी भाऊ आणि इंजिनीयर आले. भाऊ त्या महिन्यात पहिल्यांदाच. मी यादी वाचत गेले आणि इंजिनीयर टॅबवर खुणा करत गेला. दार उघडणं, अर्धवट. कडी लावलेली नसेल तरच. चष्मा उचलणं, जमलं, पण चष्मा वाकला. कपडे काढणं, चिमट्यांसकट. स्वयंपाकघरातलं काहीही नाही. भावाचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे नापास," तो म्हणाला. "ताई, मग ठरल्याप्रमाणे आईला न्यावं लागणार. दुपारी तिला कोण—"

"कप धर," आतून आवाज आला.

आई उंबरठ्यापलीकडे वॉकरला टेकून उभी होती. आम्ही बोलत असताना ती कधी आत गेली ते त्या दोघांना कळलंच नव्हतं. दोघेही यंत्राकडे बघत होते. भाऊ गेला, उंबरठ्याच्या अलीकडे उभा राहिला आणि तिने दिलेला एकेक कप घेत राहिला. शेवटचा कप घेताना त्याने खाली तिच्या पायांकडे बघितलं.

"तू चालतेस?"

"मग काय, याने उचलून आणलं?"

ती वॉकर उचलून अलीकडे आली आणि खुर्चीत बसली. मी तेव्हा त्याला सगळं सांगितलं, व्हिडिओतल्या घड्याळासकट. त्याने फोन काढून तो व्हिडिओ बघितला, पुन्हा बघितला आणि फोन खिशात ठेवला. चहा संपवला. मग म्हणाला, "राहा तू इथेच."

इंजिनीयर मात्र खुलला होता. त्याने अहवालात काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं. यंत्राच्या सहवासात एका महिन्यात ज्येष्ठ नागरिकाच्या चालण्यात लक्षणीय सुधारणा. खोटं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. भाऊही त्या वाक्याने जरा सावरला. यंत्र खोक्यात भरलं जात असताना त्याने आईला सांगून टाकलं की पुढच्या वर्षी यांचा नवा येतोय, त्याचे पाय फार चांगले आहेत, तो पायऱ्यासुद्धा चढतो, उंबरठा म्हणजे काहीच नाही.

"मग नको," आई म्हणाली. "पाय चांगले असतील तर मला त्याचा काय उपयोग?"

भावाला वाटलं, ती थट्टा करतेय. तो हसला. आई हसली नाही. तिने रिकामे कप गोळा करून पिशवीत ठेवले आणि विसळायला आत गेली.