पहिली धार

आमच्या मनीषनगरच्या घरी आरओ दुरुस्त करायला येणारा माणूस फार गोड बोलतो, आणि मला तेच खटकतं. वाक्यागणिक ‘जी’ लावतो, हात पुसत पुसत सगळं स्वयंपाकघर न्याहाळतो, आणि काढलेला कार्बनचा फिल्टर न विचारता आपल्या पिशवीत टाकतो.

“कचऱ्यात काहून टाकता जी, मी नेतो ना.”

नेऊन काय करतो, ते सांगत नाही. फिल्टरमधला कोळसा नवा असतो तेव्हाही काळा आणि पाण्यातली घाण शोषून संपला तरी काळाच. नुसतं बघून ओळखणार कसं?

खूण त्यानंच मागे एकदा सांगून ठेवली होती. “नव्या कार्बनची पयली धार काळी येते ताई. भेऊ नका, फेकून द्या.”

परवा त्यानं नवा म्हणून एक फिल्टर बसवला. मी नळाखाली पेला धरला. पहिल्या धारेपासूनच पाणी नितळ आलं.

“पाहा जी, कसं काचेवानी आलं!” तो खुशीत म्हणाला.

मी पेला त्याच्यापुढे केला. “घ्या भाऊ, आधी तुम्हीच प्या.”

त्यानं पिशवीतून स्वतःची बाटली काढली.

“मी बाहेरचं पाणी नाई पीत जी.”