फक्कीचं घर

महापालिकेच्या सभेवर मनापासून प्रेम करणारा एकच माणूस सोलापुरात जन्माला आला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. ज्यांना आपण निवडून देतो ते सभासदसुद्धा चहा झाला की हळूच सटकतात. पण माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान शेवटचा विषय वाचून होईपर्यंत प्रेक्षकांच्या बाकड्यावरून हलत नसत. चादरीच्या कारखान्यात घड्या घालण्यात त्यांचा जन्म गेला. सभेच्या दिवशी मात्र रजा म्हणजे रजा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन ते असे निघत, की जणू त्यांच्यावाचून गणपूर्तीच व्हायची नाही. त्यांचं सगळं लक्ष एका ठरावावर होतं. शहराच्या कडेला, कुंभारीकडं जाताना लागणाऱ्या माळावर कमी उत्पन्नवाल्यांसाठी घरं बांधायची आणि बँकेकडून त्यांना हप्त्यानं कर्ज मिळवून द्यायचं, असा तो ठराव. दर सभेत तो निघे आणि दर सभेत तहकूब होई. कधी नकाशा अपुरा, कधी अधिकारी रजेवर, कधी कुणाला तरी मध्येच गटारीचा प्रश्न आठवे. साडू घरी येऊन ती सगळी भाषणं आवाजासकट करून दाखवत आणि शेवटी म्हणत, "पुढच्या सभेत होतंय बघा."

हा माणूस लग्न झाल्यापासून भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. घरमालक भला होता, पण भिंतीला खिळा ठोकू देत नसे. त्यामुळं यांचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला आणि लग्नातला फोटो ट्रंकेवर टेकवलेला. "पाव्हणं, आपल्या भितीत आपला खिळा. कुणाला इचारायचं न्हाय. एवढंच मागणं हाय माजं," असं ते मला अनेकदा म्हणाले आहेत. मी माझ्या घरात बसून हे ऐकत असे आणि हसत असे. माझ्या घरात खिळे पुष्कळ होते, त्यामुळं मला त्यात काय विशेष ते कळत नव्हतं.

सभेत इतकं बसल्यावर सभा घरात शिरणारच. मेव्हणीबाईंनी नवा मिक्सर मागितला, की हे म्हणत, "उपसमिती नेमू." जेवायला वांगं की दोडका, हा प्रश्नसुद्धा सूचक आणि अनुमोदक मिळाल्याशिवाय सुटत नसे. त्यांची एकुलती एक लेक शाळेत होती तेव्हापासून बापाच्या सभेतली सूचक. सहलीचे पैसे हवे असले, की ती उभी राहून सूचना मांडायची, आई अनुमोदन द्यायची आणि बाप गंभीरपणे म्हणायचा, "मंजूर." मध्ये काही वर्षं सभाच भरेनात, सगळा कारभार प्रशासकाकडं गेला, तेव्हा हे घरी तापकऱ्यासारखे पडून असायचे. त्या काळात घरातही कशालाच मंजुरी मिळाली नाही, असं मेव्हणीबाई सांगतात.

पण त्यांचा खरा नाद पाहायचा तर रविवारी त्या माळावर जायला हवं होतं. मैदानावर रेघा मारायची पांढरी फक्की पिशवीत घालून ते आम्हा सगळ्यांना तिथं घेऊन जात आणि जमिनीवर चक्क घर आखत. ही बैठकीची खोली, हे स्वयंपाकघर, ही न्हाणी. दाराच्या जागी दोन दगड. मग सतरंजी अंथरून त्या घरात जेवण. पहिल्या खेपेला मी आपला सरळ चालत गेलो आणि ताटावर बसलो, तर ते केवढ्यांदा ओरडले! "भितीतनं कुटं निघाला ओ? दार तिकडं हाय की!" मला उठून, वळसा घालून, दोन दगडांमधून पुन्हा यावं लागलं. वर चपला बाहेर काढायला लावल्या. नंतर मी सावलीसाठी जरा सरकून बसलो, तर मेव्हणीबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी न्हाणीत बसून आमटी-भात खात होतो. तेवढ्यात एक शेळी आली. ती बिचारी दोन दगडांमधूनच आत शिरली. साडूंनी तिला अर्धी भाकरी दिली आणि मला म्हणाले, "बगा, तिला कळतंय."

शेवटी सभा पुन्हा भरू लागल्या आणि एके दिवशी तो ठराव पास झाला. साडूंनी बाकड्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणून शिपायानं त्यांना बाहेर काढलं. त्याच आनंदात ते बँकेत गेले. बँकेतला साहेब सज्जन होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, की या वयात आता तुमच्या नावावर कर्ज बसत नाही. वाट बघता बघता वय निघून गेलं होतं. लेक आता दवाखान्यात नर्स होती. तिनं अर्ज केला, तिच्या नावावर कर्ज झालं, पुढं इमारती उभ्या राहिल्या आणि सोडतीत तिच्याच नावावर घर निघालं.

साडूंनी कौतुक केलं, पेढे वाटले, आणि राहायला यायला साफ नकार दिला. त्यांच्या घराण्यात लेकीच्या घरचं पाणीसुद्धा बाप पीत नाही, ही रीत. "लेकीला घर द्यायचं असतंय पाव्हणं, तिच्या घरात ऱ्हायचं नसतंय," एवढंच बोलले आणि चादरीची घडी घालत बसले. मला त्या दिवशी त्यांची थट्टा सुचली नाही.

वास्तुशांतीला आले, पण दाराबाहेरच थांबले. आत भटजी खोळंबलेले, जिन्यात पाहुणे. तेव्हा लेक उंबऱ्यात उभी राहिली आणि शाळेतल्यासारखं खणखणीत म्हणाली, "सूचना मांडते. आप्पांनी आत यावं आणि हितंच ऱ्हावं."

"अनुमोदन," आतून मेव्हणीबाई म्हणाल्या.

साडूंनी चष्मा पुसला. "विषय मोठा हाय. पुढच्या..."

"तहकूब करू नका आप्पा," लेक म्हणाली. "लई वेळा झालंय ते."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग चपला काढल्या, दारातून आत आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "पाणी दे गं पोरी." तिनं तांब्या दिला. सगळं पाणी पिऊन झाल्यावर ते "मंजूर" म्हणाले, पण इतकं हळू, की प्रेक्षकांच्या बाकड्यापर्यंत काही ते गेलं नसतं. दुपारी त्यांनी खिशातून खिळा काढला आणि कुणालाही न विचारता ठोकायला घेतला. तो वाकला. दुसरा बसला.

हल्ली ते सभेला जात नाहीत. गॅलरीत बसतात. आम्ही फक्कीच्या घरात जेवायचो ती जागा बरोबर खाली आहे. तिथं आता स्कूटर लावतात. मला ते घर कधी कधी फार आठवतं. परवा त्यांच्याकडं जाताना मी तिथून सरळ चाललो होतो, तर वरून हाक आली, "पाव्हणं, भितीतनं कुटं निघाला ओ?"

मी मुकाट्यानं मागं फिरलो आणि दारातून आलो.