कोकरं ओळखणारी पोर

पुंडलिकनगरातल्या माझ्या घरी मी लवकर जात नाही. मुलगा-सून पुण्यात, नवरा गेला, आणि एकटीपुरता कुकर लावायचा मला मनापासून कंटाळा येतो. म्हणून पाचोडकडच्या उपकेंद्रातली माझी नर्सची ड्यूटी संपली तरी मी रेंगाळते. सोबतच्या बायकांना वाटतं, केवढी कामसू बाई! मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

त्या हिवाळ्यात लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस द्यायचं काम चालू होतं. गावातली मुलं अंगणवाडीत सापडतात. मेंढपाळांची मुलं मात्र आज इथं, उद्या अजिंठ्याकडं. त्यांना कुठलीच अंगणवाडी आपली म्हणत नाही. गावाबाहेरच्या शेतात लेंडीखतासाठी रात्री मेंढरं बसवायला एक बिऱ्हाड उतरलं होतं. मी पिवळ्या औषधाची बाटली घेऊन तिकडं पोचले, तेव्हा दिवस नुकताच मावळला होता.

आई चुलीपाशी होती आणि चारेक वर्षांची पोर कोकरांत बसली होती. आईनं मोठ्या कौतुकानं दाखवलं, "बघा नर्सबाई, आमच्या पोरीचं! नुसता कान चाचपती अन् सांगती, कुठल्या मेंढीचं कोकरू हाय ते. म्हाताऱ्यांनाबी जमत नाय. देवाचं देणं हाय."

पोरीनं एक कान चाचपला. "बांडीचं." दुसरा चाचपला. "काळीचं." दोन्ही बरोबर, आईनं मान डोलावली. मीही हसले आणि औषधाचा चमचा तिच्यापुढं धरला. आम्हाला अजून सगळं दिसत होतं, पण तिचे डोळे चमच्यावर येईनात. चमचा डावीकडं नेला, उजवीकडं नेला. ती आपली समोर बघत राहिली.

"दिवसा दिसतं का हिला?"

"दिसतंय की. लई पळती."

"आणि दिवस मावळल्यावर?"

आईनं चुलीत काटकी सारली. "मावळल्यावर बसून ऱ्हाती. गुणाची हाय."

‘अ’ जीवनसत्त्व कमी पडून पोरीला रातांधळेपणा आला होता. दुसऱ्या कुठल्या घरात मूल असं चाचपडलं असतं तर आई घाबरली असती. इथं बोटांनी कोकरू ओळखणं म्हणजे हुशारी, त्यामुळं डोळ्यांची शंका कुणाला आलीच नाही. मी सांगितल्यावर आईचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाली, "औषधानं तिचं हे देणं जाईल का वं?"

"जाऊ द्या गेलं तर!" मी खेकसले. "डोळे गेले तर परत येत नाहीत."

मी तिथंच डोस पाजला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पोरीला तपासून पुन्हा दिला आणि दोन आठवड्यांनी तिसरा चुकवू नका म्हणून बजावलं. पण त्याआधीच बिऱ्हाड हललं. पोरीच्या बापाचा नंबर माझ्याकडं होता, तो लागेना. मी रोज लावायची. रविवारी मुलाचा फोन आला तर त्याला मी पोरीबद्दलच सांगत बसले. "आई, नंतर बोलू," तो म्हणाला. बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी पुन्हा बापाचाच नंबर लावला.

शेवटी एका दुपारी तो लागला. बिऱ्हाड सिल्लोडच्या अलीकडं होतं. मी डॉक्टरांना सांगून बाटली घेतली आणि एसटी पकडली. उतरून शेतापर्यंत चालत जाईस्तोवर अंधारून आलं. दूरवर मेंढरं आणि चूल दिसली. हाक मारायचा धीर होईना. पोर पुन्हा तशीच बसलेली दिसली तर काय करायचं?

एवढ्यात मेंढरांतून पोरीचा बारीक आवाज आला, "आये, नर्सबाई यायली बघ! त्या बांधावर!"

मला येताना लांबून कुणी ओळखावं, असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मी त्या बांधावरच बसले आणि पोटभर रडले.