साडेतीनच्या अलीकडे, पलीकडे

वहिनीचा फोन आला तेव्हा मी उज्जैनमध्येच, नानाखेड्याच्या माझ्या घरी, पंखा दुरुस्त करायला येतो म्हणून न आलेल्या वायरमनवर चडफडत बसले होते. "वन्सं, तुमचे दादा उठत नाहीत. मी चहा घेऊन कधीची उभी आहे... तुम्ही या." एवढंच बोलली. आवाजात रडू नव्हतं, चहा निवतोय याचीच काळजी असावी असा आवाज होता. रिक्षात बसतानाच मला काय ते कळलं होतं, तरी वाटेत गर्दीत अडकल्यावर मी रिक्षावाल्याशी भांडले, पुढच्या हातगाडीवाल्याशीही भांडले. माझं हे असंच आहे. वाईट काही घडलं की मला आधी राग येतो. रडू फार उशिरा येतं, आणि दादाच्या बाबतीत ते दोन महिने होत आले तरी धड आलेलं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत खाली दवाखाना आणि वर घर, यातच त्याचा सगळा जन्म गेला. ताप, खोकला, शुगर, बीपी हे रोजचं काम. पण फ्रीगंजातल्या मराठी घरांमध्ये त्याला आणखी एका कामाला बोलावत. घरात कुणी गेलं, तरी दादा येऊन सांगेपर्यंत ते गेले असं कुणी मानत नसे. कुणाचा मुलगा दिल्लीला, कुणाची लेक बंगलोरला. त्यांना फोन करायचा तर नक्की काय सांगून करायचा? मग घरातलं कुणीतरी दवाखान्याच्या दाराशी येऊन नुसतं उभं राही. दादा समोरच्या पेशंटला "बैठो, अभी आया" म्हणे आणि स्कूटर काढी.

तिथे गेल्यावर तो नाडी बघे, छातीला नळी लावे, डोळ्यांत टॉर्चचा उजेड टाके, आणि मग काहीच न बोलता पलंगाच्या कडेवर बसून राही. बरंच बसे. घरचे चुळबुळ करायला लागत, कुणी म्हणे, "डॉक्टर, काय ते सांगून टाका." तरी हा ढिम्म. यामागे एक जुनी गोष्ट होती. प्रॅक्टिस नवी असताना दौलतगंजातल्या एका म्हाताऱ्यांना बघून त्याने लगेच "गेले" असं सांगितलं. बायकांनी हंबरडा फोडला, त्यांना खाली जमिनीवर घेतलं, आणि तेवढ्यात म्हाताऱ्यांनी दोन श्वास घेतले. मोठे, लांब लांब. मग मात्र सगळं थांबलं. असं होतं, यात वैद्यकाला नवल नाही. पण त्यांच्या बायकोने दादाला विचारलं, "मग आमचं रडणं त्यांनी ऐकलं असेल का हो?" दादा घरी आला, आईने वाढलेलं ताट तसंच ठेवून उठला. "मी तिला माहीत नाही म्हणालो," हे त्याने मला पुढे कितीदा तरी सांगितलं असेल. "आणि खरंच मला माहीत नव्हतं गं. अजून नाही."

मी शाळेत फिजिक्स शिकवत असे, त्यामुळे या विषयावर आमचं हमखास वाजायचं. मी म्हणायची, एक क्षण असणारच की. त्याच्या आधी माणूस जिवंत, त्याच्या नंतर नाही. तो हसायचा. श्वास थांबतो, मग काळीज थांबतं, डोळ्यांच्या बाहुल्या पसरतात, अंग हळूहळू गार होत जातं, आधी जबडा धरतो, मग मान, मग हातपाय... "यातला कोणता क्षण तुला पाहिजे ते सांग, तो लिहून देतो." माझा संताप व्हायचा. दर वर्षी मी पोरींना वेधशाळेतल्या सूर्यघड्याळापाशी घेऊन जात असे, सावलीवरची वेळ आणि मनगटावरची वेळ जुळत नाही हे दाखवत असे, आणि मग फरक किती तो मिळवायला लावून दोन्ही जुळवून देत असे. कुठलंही अंतर असं मिळवून भरून काढता येतं, असा माझा ठाम समज होता. लोक मात्र त्याच्याकडे दुसरीच मागणी घेऊन येत. पंचकात, म्हणजे त्या पाच नक्षत्रांच्या दिवसांत कुणी गेलं की घरात आणखी माणसं जातात अशी भीती असते. मग कुणी हात जोडून म्हणे, डॉक्टरसाहेब, जरा आधीची वेळ टाका ना, पंचक लागायच्या आधीची. दादा रागवायचा नाही. मी आलो, मी पाहिलं, ती वेळ मी लिहिणार. त्याच्या आधीचं तुम्ही आणि गुरुजी बघून घ्या, असं सांगून पाणी पिऊन निघायचा.

त्या दिवशी मी जिना चढून वर गेले तर दादाच्याच हाताखाली शिकलेला तरुण डॉक्टर त्याच्या पलंगाच्या कडेवर बसला होता. तसाच, दादा बसायचा तसा. मला बघून तो उठला आणि त्याने नुसती मान हलवली. दादा उजव्या कुशीवर होता, हात उशीखाली, चष्मा काढून ठेवलेला. कूलर मोठ्याने घरघरत होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. डॉक्टरने कागदावर आपण पाहिल्याची संध्याकाळची वेळ घातली, गुरूने शिकवलं होतं तसंच. मग मला गॅलरीत बोलावून म्हणाला, "बुआजी, आंटी से मैंने कुछ नहीं कहा. पर सर का जबड़ा सख्त हो चुका था. पक्का तो कोई नहीं बता सकता, गर्मी में जल्दी भी होता है... पर मुझे लगता है, लेटने के थोड़ी देर बाद ही." त्याचे डोळे लाल झाले होते. मी त्याला बरं म्हटलं आणि आत आले.

आत वहिनी शेजारणीला सांगत होती की चार वाजता तर ते माझ्याशी बोलले.

हे बोलणं काय होतं ते सांगायला हवं. गेलं वर्षभर त्या घरात एकच भांडण चाललं होतं. त्यांचा मुलगा मिलिंद पुण्याला असतो. वहिनीला तिकडे जाऊन राहायचं होतं, गुडघ्यांनी जिना होत नव्हता, नातवंडं डोळ्यांसमोर हवी होती. दादा उज्जैन सोडायला तयार नव्हता. माझे पेशंट म्हातारे झालेत, त्यांना आता मी कुणाच्या भरवशावर टाकू, म्हणायचा. वर्षभर दोघं एकमेकांशी या एका विषयावर धड बोलत नव्हते आणि दुसऱ्या विषयावर बोलत नव्हते. त्या दुपारी जेवून दीडच्या सुमारास दादा आडवा झाला, आणि चारच्या सुमारास वहिनी स्वैपाकघरात गवार मोडायला बसली. मोडता मोडता, नेहमीप्रमाणे तिथूनच, ती मोठ्याने बोलायला लागली. बोलत बोलत शेवटी म्हणाली, "जाऊ द्या, नाही जायचं पुण्याला. इथेच राहू आपण. तुम्ही खुश तर मी खुश." आणि आतून दादा "हं" म्हणाला.

हे ती जो येईल त्याला सांगत होती. "हं म्हणाले. बराबर ऐकलं मी." सांगताना तिचा चेहरा अगदी निवांत व्हायचा. ते ऐकून दादा गेला असेल तर भांडण मिटवून गेला. आधीच गेला असेल तर... त्या तरुण डॉक्टरचं बोलणं मी कुणालाच सांगितलं नाही.

दहाव्याला रामघाटावर गुरुजींनी तिथी विचारली. त्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास नवमी संपून दशमी लागली होती, त्यामुळे दर महिन्याचं आणि पुढे दर वर्षीचं श्राद्ध कधी करायचं ते यावर ठरणार होतं. गुरुजी शांतपणे म्हणाले की कागदावर डॉक्टर आल्याची वेळ आहे, ती माझ्या कामाची नाही. घरच्यांना काय माहीत आहे ते सांगा. वहिनीने चार वाजताचं "हं" सांगितलं. मग दशमी, असं गुरुजी म्हणाले. मिलिंद माझ्या कानाशी पुटपुटला, "कोणतीही धरा, आत्या, काय फरक पडतो." त्याच्यावर मी घाटावरच ओरडणार होते. शिप्रेचं पाणी तळाला गेलं होतं, पायऱ्या भाजत होत्या, बाजूला कुणा दुसऱ्याच घरचे पिंड चालले होते, आणि मी तोंड मिटून उभी राहिले. खोटं ऐकून गप्प राहण्याची मला सवय नाही.

त्यानंतर मला चैन पडेना. रोज दुपारी उठून फ्रीगंजात जायची, आणि वहिनी आंघोळीला किंवा देवाशी बसली की मी माझा तपास सुरू करायची. स्वैपाकघरात बसून बघितलं, दादाच्या खोलीतला कूलर चालू असताना तिथपर्यंत काय ऐकू येतं? मिलिंदला पलंगावर बसवून हं म्हणायला लावलं. तो आधी वैतागला, मग रडला. मला अर्धवट ऐकू आलं, किंवा येणार हे माहीत असल्यामुळे ऐकू आलं असं वाटलं. गल्लीत भाजीची गाडी केव्हा येते, त्या दिवशी दिवे जाऊन कूलर बंद पडला होता का, हेही मी शेजारी जाऊन विचारून आले. काही जुळेना. दादावर भयंकर राग यायचा. जन्मभर लोकांच्या घरी जाऊन बसलास, आणि स्वतःच्या वेळी कुणाला बसू दिलं नाहीस... शेजारच्या खोलीत बायको बोलत होती, तिला एक हाक मारता आली नाही? हे मी त्याच्या रिकाम्या पलंगाला मोठ्याने विचारलेलंही आहे.

तेराव्यानंतर मिलिंदने आईचं तिकीट काढलं. वहिनी नाही म्हणाली नाही. आता इथे कोण आहे, असं म्हणत कपाट रिकामं करायला लागली. निघायच्या आदल्या दुपारी मी साड्यांच्या घड्या घालून देत होते. तिने एकदम हात थांबवला आणि विचारलं, "वन्सं, तुम्हाला खोटं बोलता येत नाही म्हणून विचारते. त्या दिवशी गॅलरीत डॉक्टर काय म्हणाला?"

काही नाही, असं मला म्हणता आलं असतं. माहीत नाही असंही म्हणता आलं असतं, दादा म्हणाला होता तसं. पण त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि मला कुणीतरी सांगितलेलं होतं. मी म्हणाले, "तो म्हणाला पक्कं कुणीच सांगू शकत नाही. पण त्याला वाटतं, आडवा झाल्यावर थोड्याच वेळात. साडेतीनच्या खूप आधी." आणि लगेच वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

वहिनी रडेल, मला बोलेल, काही फेकेल, अशी मी वाट बघत होते. ती मांडीवरच्या साडीचा काठ सरळ करत राहिली. मग म्हणाली, "मतलब, पुण्याला नाही जायचं, हे मी कुणालाच नाही सांगितलं."

"वहिनी, अगं..."

"ते मनात राग घेऊनच झोपले. मतलब माझं सांगायचं अजून बाकी आहे."

तिने उठून बॅग उघडली आणि लावलेल्या साड्या एकेक करून परत कपाटात ठेवल्या. मिलिंद खालून आला, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग कपाळावर हात मारून घेतला. तिकीट रद्द कर, सांगून झालं की बघू पुण्याचं, असं त्याला तिने ठणकावून सांगितलं. गुरुजींना तिने स्वतः फोन केला. "नवमी धरा. माझी ऐकण्यात चूक झाली होती," एवढंच म्हणाली.

मिलिंद एकटा गेला. मी अजून दुपारची तिकडे जाते, आताशा निदान रिक्षावाल्यांशी भांडत नाही. वहिनी आता स्वैपाकघरातून बोलत नाही. जेवण झालं, झाकपाक झाली की ती गुडघे धरत दादाच्या खोलीत जाते, कूलर बंद करते, खुर्ची ओढून पलंगाला लावते आणि बसते. दार लोटून घेते. मी बाहेर पेपर उघडून बसते, मला शब्द कळत नाहीत, कळावेत असंही वाटत नाही. घामाने निथळत बाहेर येते आणि चहा टाकते. परवा मला राहवलं नाही. विचारलं, "वहिनी, झालं का गं त्याला सांगून?"

"कुठलं हो," ती गाळण्यातला चोथा झटकत म्हणाली. "आज दुसरंच निघालं."