माधवचा किल्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, लंडनमधल्या हॅरोतल्या माझ्या बहिणीला नाही, मुलीला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? — कदाचित तुम्ही माधवला ओळखत नाही म्हणून. ओळखत असतात तर माझं तोंड उघडलं नसतं.

माधव माझा नवरा. भूल देणारा डॉक्टर. ऐंशीच्या दशकात, लग्नानंतरची पहिली काही वर्षं, आम्ही स्कॉटलंडमध्ये होतो. पार वर, उत्तरेला, समुद्राकाठच्या एका छोट्या गावात. शेजारी मिसेस मकाय राहायच्या. त्यांचे मिस्टर आजारी पडले, तेव्हा माधव ड्यूटी संपली की वॉर्डात त्यांच्याजवळ जाऊन बसायचा. ते मासेमारीच्या गोष्टी सांगायचे आणि हा ऐकायचा. सदाशिव पेठेत वाढलेल्या मुलाला मासेमारीतलं काय कळणार? पण ऐकायचा. मन लावून.

ते गेले. त्यानंतर एके दिवशी बाई एक खोका घेऊन आमच्या दारात उभ्या. आत त्यांच्या मिस्टरांचा किल्ट होता, तिकडचे पुरुष घालतात तो गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा. गडद हिरव्या-निळ्या चौकड्यांचा, जाड लोकरीचा. माधवच्या अंगाचा अंदाज घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने तो कमरेत आत घेतला होता. "कपाटात ठेवून त्याला कसर लागेल, डॉक्टर. तुम्ही घाला," एवढंच म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या त्या वर्षीच्या डिनरला माधव तो घालून गेला. कोणी हसलं नाही. हसणार कशाला? तिकडे मोठ्या समारंभाला पुरुष हेच घालतात. एका म्हाताऱ्या सर्जननी त्याला लोकरी मोज्यांची घडी कशी घालायची ते दाखवलं. माधवचा चेहरा इतका खुलला होता... आणि मला तो रुबाबदार वाटला होता. हो — तेव्हा वाटला होता.

हे सगळं आधी का सांगतेय? तो किल्ट म्हणजे थट्टामस्करी नव्हती, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून.

पुढे आम्ही खाली दक्षिण इंग्लंडमध्ये आलो, बेसिंगस्टोकला. माधवला तिथल्याच हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मला एका बिझनेस पार्कमधल्या कंपनीत प्रोग्रॅमरची. मी भराभर वर चढले. टिकली सुटली. वसुधाची 'व्ही' झाले. कोणी जबरदस्ती केली नव्हती हो. कोणी तसं सुचवलंही नव्हतं.

नव्वदनंतर कधीतरी मी मॅनेजर झाले आणि त्याच वर्षी कंपनीच्या मोठ्या डिनरचं कार्ड आलं. नवराबायको दोघांना. खाली लिहिलेलं — ब्लॅक टाय. म्हणजे पुरुषांनी काळा डिनर सूट आणि काळा बो लावून यायचं. माधवने वाचलं आणि एकदम खूश झाला.

"अगं, ब्लॅक टायला किल्ट चालतो! उलट शोभून दिसतो."

"सूट भाड्याने मिळतो की," मी म्हटलं.

"घरात इतकी चांगली वस्तू असताना भाड्याचा कशाला?"

तेव्हाच म्हणायला हवं होतं ना — मला लाज वाटेल, नको घालूस? तो थांबला असता. दुखावला असता, पण थांबला असता. मी म्हटलं, "बघ बाबा, तुला हवं ते कर." आणि आतल्या आत ठरवून टाकलं की ऐनवेळी तो नाही घालणार.

मी ऑफिसच्या मंडळींबरोबर पुढे गेले. तो हॉस्पिटलातून परस्पर येणार होता. हॉटेलच्या हॉलमध्ये आमचे डायरेक्टर, त्यांची बायको, सेल्सची दोन-तीन मुलं असे आम्ही उभे होतो. मी लांब काळा गाऊन घातलेला, आयुष्यात पहिल्यांदाच. आणि दारातून माधव आला.

किल्ट, चांदीच्या बटणांचं आखूड जॅकेट, पुढे लटकणारी चामड्याची पिशवी. मधे त्याचे ते सावळे, काटकुळे गुडघे. हॉलभर माना वळल्या. सेल्समधलं कोणीतरी म्हणालं, "बॅगपाइपवाला आला वाटतं!" म्हणजे किल्ट घालून समारंभात वाजवायला येणारा वाजंत्रीवाला. सगळे हसले.

मीही हसले.

डायरेक्टर माझ्याकडे वळले. माझ्याकडेच का? आम्हा दोघांचा रंग सारखा म्हणून असेल. "व्ही, तुझ्या ओळखीचे आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. "कोण आहेत कोण जाणे."

माधव तोवर अगदी जवळ आला होता. मला बघून त्याने हात वर केला होता — तो अर्ध्यातच खाली आला. त्याने ऐकलं होतं. मग तो माझ्यासमोर येऊन थांबला आणि अनोळखी बाईशी बोलावं तसं इंग्रजीत म्हणाला, "माफ करा, डॉक्टरांचं डिनर इथेच आहे का?"

डॉक्टरांचं कसलंही डिनर तिथे नव्हतं. तो मला सांभाळून घेत होता. कळतंय का तुम्हाला? त्या क्षणीही मला म्हणता आलं असतं, "माधव, काय हे!" — आणि सगळं हसण्यावारी गेलं असतं.

मी म्हटलं, "नाही, हे कंपनीचं डिनर आहे. तुम्ही रिसेप्शनवर विचारा." आणि हाताने दिशा दाखवली.

"थँक यू. सॉरी टू डिस्टर्ब," म्हणाला आणि गेला.

जेवताना शेजारची खुर्ची रिकामी होती. नवऱ्याला इमर्जन्सी आली, मी सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरांच्या बायकांचं असंच, म्हणून डायरेक्टरांच्या बायकोने माझा हात थोपटला. घरी आले तर माधव पायजम्यात, भांडी पुसत उभा. "जेवण कसं होतं?" "ठीक." "बरं झालं," म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर ऑफिसच्या कुठल्याच कार्यक्रमाला मी त्याला नेलं नाही — कोणी ओळखलं तर? त्यानेही कधी विचारलं नाही.

काही वर्षांनी मिसेस मकाय गेल्या. आम्ही दोघं अंत्यविधीला वर स्कॉटलंडला गेलो. माधव काळ्या सुटात. चर्चबाहेर त्यांची मुलगी त्याला म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्ही डॅडचा किल्ट घालून याल. मम्मी सगळ्यांना तुमचा त्यातला फोटो दाखवायची."

"आता बसत नाही मला," माधव म्हणाला. "पोट सुटलंय."

पोट कुठलं सुटायला! तो होता तसाच होता, काटकुळा. ती त्याच्याकडे बघत राहिली. आणि मी — मी हसून म्हटलं, "माझ्या हातचं जेवण, दुसरं काय!"

परत येताना ट्रेनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. दिवसभराचा प्रवास. माझ्याकडे वेळच वेळ होता. तो खिडकीबाहेर बघत होता, मधेच उठून माझ्यासाठी चहा घेऊन आला. मी काही बोलले नाही. त्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही.

माधवला खोटं बोलता येत नाही. सगळं आयुष्य त्याचं तसंच गेलं. जे दोनदा बोलला, ते माझ्यासाठी.